वहीतला शेणाचा रकाना

पुरंदर तालुक्यात, सासवड-जेजुरी रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या एका गावात आमची अडीच एकर जमीन आहे. अडीच एकर म्हणजे शंभर गुंठे, आणि त्यांची वाटणी गेल्या कित्येक वर्षांत फारशी बदललेली नाही. वीस गुंठ्यांत अंजिराची ऐंशी झाडे आहेत, वीस गुंठ्यांत सीताफळ आहे, विहिरीलगतच्या पंधरा गुंठ्यांत जनावरांसाठी हत्ती घास आहे. एक एकर रानात पावसाळ्यात वाटाणा आणि तो निघाल्यावर शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, होतो, आणि उरलेल्या पाच गुंठ्यांत घर, गोठा, उकिरडा आणि घरच्या भाजीचे वाफे आहेत. गोठ्यात दोन संकरित गाई, एक म्हैस आणि बहुतेक वेळा एखादे वासरू असते. या सगळ्याचे काम २०१९ च्या जूनमध्ये माझ्याकडे आले. ते मी कसे शिकले, त्यात दिवस कसा जातो आणि त्यातून हाती काय लागते, ते सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

लग्नानंतर नऊ वर्षे मी हडपसरच्या एका कार्यालयात हिशेबाचे काम करीत होते. रोज दिवे घाट उतरून जायचे आणि संध्याकाळी चढून यायचे. शेत सासू-सासरेच पाहत. आमच्याकडे सासूबाईंना आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. त्या वर्षी मामांचे दोन्ही गुडघे इतके झिजले की डॉक्टरांनी त्यांना उकिडवे बसायला पूर्ण मनाई केली, आणि उकिडवे बसल्याशिवाय धार काढता येत नाही. माझे पती जेजुरीच्या औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांत काम करतात, त्यामुळे त्यांची वेळ जनावरांच्या वेळेशी जुळत नाही. आत्या एकट्या तीन जनावरांची दोन वेळची धार, स्वयंपाक आणि रान सांभाळू शकणार नव्हत्या. गाई विकून टाकाव्यात, असे घरात ठरतच आले होते. तेव्हा मी म्हणाले की विकण्याआधी सहा महिने मी करून पाहते. कार्यालयात राजीनामा देताना मला वाटले होते की मला फक्त धार काढायला शिकायचे आहे.

धार काढायला शिकणे हेच मुळात सोपे नव्हते. गाईच्या कासेला कोमट पाणी लावून, ती हलक्या हाताने चोळून पुसली की थोड्या वेळात ती पान्हा सोडते, सड भरून येतात आणि मग दूध उतरते. पण हा पान्हा पाच-सात मिनिटेच टिकतो. तेवढ्यात कास रिकामी झाली नाही तर उरलेले दूध गाय वर चढवते आणि मग कितीही ओढले तरी येत नाही. आत्यांना एका गाईला सहा मिनिटे लागत, मला वीस लागायची. अंगठा मुडपून सड दाबण्याची सवय मला पहिल्याच आठवड्यात लागली, कारण तशी धार लवकर येते असे वाटते. आत्यांनी ती मोडून काढली. सडाला अंगठ्याने आतून इजा होते, म्हणून पूर्ण मूठ वळून, वरून खाली एकेक बोट मिटत धार काढायची असते. महिनाभर माझे मनगट रात्री ठणकत असे आणि भाकरी थापताना हात थरथरत असत.

या काळात संकलन केंद्रावर आमच्या गाईच्या दुधाचे फॅट, म्हणजे स्निग्धांश, ३.१ आणि ३.२ टक्के लागू लागले. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक, धरून दर ठरतो आणि त्याखाली गेले की दर कापला जातो. मला वाटले की पेंड हलकी आली असावी. मी दुकान बदलले, तरी आकडा तसाच राहिला. मामा ओसरीवर बसून माझी धार पाहत असत. एक दिवस ते म्हणाले, "शेवटची धार कासेतच राहती तुझी. साय तिथंच आसती." हे अक्षरशः खरे आहे. सुरुवातीच्या धारेत स्निग्धांश कमी असतो आणि तो वाढत जाऊन शेवटच्या धारेत सर्वांत जास्त असतो, त्यामुळे अर्धवट धार काढणारा माणूस दूध तर सोडतोच, पण त्यातला दाट भागच नेमका सोडतो. मी आधी सड भरेपर्यंत थांबायला शिकले, मग वेग आला, आणि दिवाळीपर्यंत फॅट ३.७ वर गेले. त्याआधी मात्र माझ्या अर्धवट धारेची किंमत चंद्री नावाच्या आमच्या थोरल्या गाईने मोजली होती. कासेत दूध राहिल्याने तिच्या एका सडाला दगडी झाली, म्हणजे कास तापून दगडासारखी कडक झाली आणि दुधात गुठळ्या येऊ लागल्या. पशुवैद्यकांनी पाच दिवस औषध दिले आणि त्या दिवसांचे सगळे दूध मी ओतून टाकले. तेव्हापासून प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या वाटीत घेऊन ती पाहिल्याशिवाय मी भांडे कासेखाली धरत नाही.

आता दिवसाचे सांगते. पहाटे साडेचारला उठून आधी गव्हाणीत थोडी वैरण टाकायची, म्हणजे जनावरे उभी राहतात आणि शेण-मूत्र करून मोकळी होतात. मग शेण बाजूला ओढून, जागा कोरडी करून पाचला धार. सव्वासहाला किटली संकलन केंद्रावर पोचली पाहिजे, कारण गाडी कोणासाठी थांबत नाही. परत आल्यावर चहा, मुलीची शाळेची तयारी, आणि मग शेणघाण. त्यानंतर घास कापायचा, कडब्याबरोबर कुट्टी यंत्रातून काढायचा, जनावरांना पाणी पाजायचे. एका गाईला दिवसाला साधारण पंचवीस किलो हिरवी वैरण, पाच-सहा किलो कडबा आणि दुधाच्या मानाने पेंड लागते. घासाची कापणी रोजची असल्याने ती कधी संपत नाही; एका टोकापासून कापत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिले टोक पुन्हा कमरेला आलेले असते. दहानंतर रानातले काम. दुपारी तासभर पाठ टेकायची, चारला पुन्हा वैरण, साडेपाचला धार, सातला केंद्र. रात्री झोपण्यापूर्वी बॅटरी घेऊन एकदा गोठ्यात जायचे आणि प्रत्येक जनावर रवंथ करते आहे का, हे पाहायचे. रवंथ न करणारे जनावर आजारी पडले आहे, असे समजून चालायचे.

हे वेळापत्रक सणाला, लग्नाला, आजारपणाला बदलत नाही. माहेरी मी गेल्या सहा वर्षांत सलग दोन रात्री राहिलेले नाही. भावाच्या लग्नात अक्षता पडल्या आणि मी चारच्या बसने परत निघाले. हे दुःख म्हणून सांगत नाही. ज्याला हे काम करायचे आहे त्याला ते आधी माहीत असावे, म्हणून सांगते.

शेतीची वीज आठ तास असते आणि ती कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्रीची पाळी असेल त्या आठवड्यात मामा आणि मी मिळून पाणी देतो. अंजीर आणि सीताफळ ठिबकवर आहेत, तिथे फक्त नळ्यांवरून फिरून कुठला ड्रिपर तुंबला आहे ते पाहायचे असते. शाळूला आणि घासाला मात्र दारे धरावी लागतात. मामा बांधावर उभे राहून बॅटरी दाखवतात, मी खोऱ्याने एक वाफा बंद करून दुसरा उघडते. पाणी सरीतून पुढे जाताना कोरड्या मातीत शिरते तेव्हा बारीक आवाज येतो, आणि मामांना त्या आवाजावरून वाफा भरत आला की नाही ते कळते. मला ते अजून नेमके कळत नाही. आमचा भाग पर्जन्यछायेचा आहे. पाऊस सह्याद्रीवर पडून जातो आणि आमच्यापर्यंत त्याचा थोडा भाग येतो. मार्च उजाडला की विहिरीचे पाणी दोन तासांत आटते, म्हणून कुठल्या पिकाला किती पाणी, याचा निर्णय उन्हाळ्यात रोज घ्यावा लागतो. त्यात पहिला मान जनावरांचा, दुसरा अंजिराचा, तिसरा घासाचा.

शेणाकडे मी पहिल्या वर्षी केवळ घाण म्हणून पाहत होते. ते उचलायचे, उकिरड्यावर टाकायचे आणि हात धुवायचे, एवढेच. पहिल्या वर्षाचा हिशेब मी एप्रिल २०२० मध्ये मांडला. कार्यालयातल्या सवयीने मी वहीत चार रकाने आखले होते: दूध, अंजीर, सीताफळ, आणि वाटाणा-शाळू. प्रत्येकाची जमा आणि खर्च रोज लिहिला होता. गोठ्याच्या नावे पेंड, भुसा, औषधे, रेतनाचा खर्च, आणि बाजारभावाने धरलेला घास व कडबा लावला, तर दुधाची सगळी जमा त्यातच संपत होती. माझ्या हिशेबाने गोठा जेमतेम बरोबरीत होता. वर्षभर पहाटे साडेचारला उठून त्यातून शून्य निघाले, हे पाहून मला फार वाईट वाटले. मी वही घेऊन मामांकडे गेले आणि गाई विकणेच योग्य होते, असे सांगितले. त्यांनी वही उलटसुलट पाहिली आणि विचारले, "शेण कुठं धरलंय?"

शेण मी कुठेच धरले नव्हते. अंजिराच्या ऐंशी झाडांना त्या वर्षी झाडामागे चाळीस किलो कुजलेले खत घातले होते, म्हणजे बत्तीसशे किलो, आणि अंजिराच्या खर्चाच्या बाजूला त्याची नोंद नव्हती, कारण ते विकत आणलेले नव्हते. वाटाण्याच्या रानातही खत गेले होते. कडब्याचे तर मी आणखी चुकीचे केले होते: त्याचा खर्च गाईंच्या नावे टाकला होता, पण तो ज्या शाळूतून आला त्या शाळूच्या जमेला तो लावलाच नव्हता. एक एकर शाळूतून सात क्विंटल ज्वारी आणि सहाशेच्या आसपास पेंढ्या कडबा निघाला होता आणि माझ्या वहीत फक्त ज्वारीच होती. कार्यालयात अशी चूक मी केली असती तर ती त्याच दिवशी पकडली गेली असती.

मग मी आठवडाभर ताणकाट्यावर रोजचे शेण मोजले. तीन जनावरांचे सरासरी पंचेचाळीस किलो भरले. वर्षाला ते सोळा टनांच्या वर जाते. कुजून, पाणी उडून त्याचे निम्म्याच्या आसपास खत उरते, म्हणजे ट्रॅक्टरच्या तीन ट्रॉल्या. तेवढे शेणखत विकत घ्यायचे तर वाहतुकीसह जो खर्च आला असता तो मी अंजीर आणि वाटाण्याच्या खर्चात टाकला आणि गोठ्याच्या जमेला लावला. वहीत पाचवा रकाना आला आणि त्यावर मी ‘शेण’ असेच लिहिले. तो आल्यावर अंजिराचा नफा थोडा उतरला, शाळूचा चढला, आणि गोठा स्पष्ट जमेत आला. एकूण बेरीज अर्थातच तीच राहिली, एक रुपयाही वाढला नाही. पण गाई विकल्या असत्या तर काय काय कोसळले असते, ते मला पहिल्यांदा कागदावर दिसले. अडीच एकरांत वेगवेगळे चार धंदे नसतात. शाळू गाईला घालतो, गाय अंजिराला घालते, आणि त्यातला एक काढून त्याचा एकट्याचा हिशेब केला की तो चुकतोच.

उकिरड्याकडे मी तेव्हापासून लक्ष देऊ लागले. शेण, गव्हाणीतला उरला चारा, राख आणि पालापाचोळा थराथराने टाकायचा, वाळू लागला तर पाणी शिंपायचे, पावसाळ्यापूर्वी एकदा खालीवर करायचा. खत काळे, भुसभुशीत आणि बिनवासाचे झाले पाहिजे. अर्धे कच्चे शेण रानात गेले तर त्याबरोबर हुमणी येते आणि ती मुळ्या खाते. उकिरड्यावर मामांनी जुन्या पत्र्याची सावली केली आहे, कारण उघड्या उन्हात खताचा कस उडून जातो. गावात त्यांचा उकिरडा पाहायला लोक येत, असे आत्या सांगत तेव्हा मला पूर्वी ते समजत नसे.

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर मी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. आत्या आणि मी मिळून गोठ्यात दिवसाला सात तास घालवतो. त्या तासांची गावातल्या मजुरीच्या दराने किंमत धरली तर वहीतला कुठलाच रकाना जमेत राहत नाही. लहान शेती फायद्याची आहे असे जे म्हणतात त्यांनी, आणि ती तोट्याची आहे असे जे म्हणतात त्यांनीही, आपण घरच्या माणसांचे तास धरले की नाही हे आधी सांगितले पाहिजे. आम्ही ते धरत नाही. पण ते पान मी फाडलेलेही नाही.

पैशाच्या रकमेइतकेच तो कधी येतो यालाही महत्त्व आहे, हे मला दुधाने शिकवले. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. अंजिराचा पैसा वर्षातून दोनदा, सीताफळाचा एकदा, आणि वाटाण्याचा ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांत येऊन संपतो. किराणा, शाळेचे शुल्क, विजेचे बिल, तोडणीला आलेल्या बायकांची मजुरी हे सगळे दुधावर चालते, त्यामुळे आम्हांला फळ झाडावर असताना आडत्याकडून उचल घ्यावी लागत नाही. ज्याने उचल घेतली आहे त्याला त्याच गाळ्यावर माल न्यावा लागतो.

अंजिराबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण आमच्या तालुक्याची ओळखच ती आहे आणि पुरंदर अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अंजिराचे दोन बहार धरतात. जूनमध्ये छाटणी करून जो येतो तो खट्टा बहार, त्याची फळे डिसेंबरच्या सुमाराला निघतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटणी करून मार्चपासून निघतो तो मीठा. नावाप्रमाणे मीठ्याची फळे गोड असतात, पण खट्ट्याच्या वेळी बाजारात फळ कमी असल्याने त्यालाही चांगला दर मिळतो. आम्ही चाळीस झाडे एकाला आणि चाळीस दुसऱ्याला धरतो. पाऊस लांबला की पानांवर तांबेरा येतो, आणि त्याने पाने गळाली तर फळ झाडावर असूनही भरत नाही. त्याची फवारणी वेळेवर होण्यासाठी जाधववाडीच्या अंजीर आणि सीताफळ संशोधन केंद्रात जाऊन मी वेळापत्रक लिहून आणले, ते अजून गोठ्याच्या भिंतीवर आहे.

तोडणी उजाडताच सुरू होते, कारण ऊन चढले की फळ मऊ पडते. पिकलेले अंजीर मान टाकते, त्याचा हिरवा रंग जांभळट होतो आणि देठापाशी ते हलके वाकते. ते ओढायचे नसते, देठासह अलगद मुरडायचे असते. देठातून पांढरा चीक येतो आणि तो कातडीला लागला की आधी खाज, मग आग, मग काळे डाग. पहिल्या हंगामात मी उघड्या हाताने तोडायला गेले आणि आठ दिवस माझ्या बोटांची साले निघत होती. आता लांब बाह्यांचा सदरा घालते आणि हाताला खोबरेल लावते. एक दिवस तोडणी चुकली की दुसऱ्या दिवशी फळे फुटलेली असतात, बुलबुल आणि साळुंक्यांनी उरलेली टोचलेली असतात. तोडलेले फळ अंजिराच्याच पानांवर निवडून पाट्यांत लावायचे आणि त्याच दिवशी सासवडला किंवा पुण्याला गुलटेकडीच्या बाजारात पोचवायचे. दुसऱ्या दिवसाला ते थांबत नाही.

म्हणूनच २०२० चा मार्च आम्हांला फार जड गेला. मीठा बहार ऐन तोडणीत आला आणि टाळेबंदी लागली. पहिल्या चार दिवसांची फळे गावात वाटली, उरलेली जनावरांना घातली. गव्हाणीत अंजीर ओतताना आत्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग माझ्या जुन्या कार्यालयातल्या मैत्रिणींना मी फोन केले. त्यांच्या हडपसरच्या सोसायट्यांतून मागणी आली, आणि शेतमालाच्या वाहतुकीला परवानगी असल्याने गावातल्या एका भाजीच्या टेम्पोबरोबर आम्ही एक किलोची खोकी पाठवू लागलो. निम्मा बहार वाचला. त्यातली काही घरे आजही दर मार्चमध्ये अंजीर आमच्याकडूनच घेतात, आणि तो दर बाजारापेक्षा दोघांनाही परवडतो.

चंद्री २०२१ च्या फेब्रुवारीत व्यायली, त्या रात्री पती रात्रपाळीला होते. संध्याकाळीच तिच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडले होते, कास चिकाने ताठ झाली होती आणि ती सारखी उठबस करीत होती. आत्या आणि मी गोठ्यातच गोधडी टाकून बसलो. पहाटे तीनला पाणमोट फुटली. आधी दोन पुढचे पाय आणि त्यांवर टेकलेले नाक दिसले पाहिजे. एकच पाय दिसला किंवा खुराचा तळ वर दिसला तर लगेच डॉक्टरांना बोलवायचे, असे मला पढवलेले होते. मी बॅटरीच्या उजेडात ते नाक शोधत होते आणि ते दिसेपर्यंत माझा श्वास अडकला होता. पुढे काही करावे लागले नाही. आत्या म्हणाल्या, "ओढू नको. तिला कळतंय." वीस मिनिटांत कालवड खाली आली. तिच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, नाळेला आयोडीन लावले, चंद्रीने तिला चाटून कोरडे केले, आणि तासाभराच्या आत तिच्या पोटात पहिला चीक गेला. हा चीक लवकर मिळाला तरच वासराला आजाराशी लढण्याचे बळ येते. सकाळी नवाच्या सुमाराला वार पडली, ती पुरली आणि मगच आम्ही दोघींनी चहा घेतला. तिसऱ्या दिवशी खरवस झाला आणि सात घरांत गेला. कालवडीचे नाव मुलीने ठेवले, तारा.

पुढच्या वर्षी लम्पी या जनावरांच्या त्वचारोगाची साथ आली. गावातल्या सगळ्या गाईबैलांना लस टोचली, जनावरांचे बाजार बंद झाले, तरी आमच्या दुसऱ्या गाईच्या, गौरीच्या, अंगावर गाठी उठल्याच. तिला गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला वेगळे बांधले, तिचे घमेले-बादली वेगळी केली, माश्या येऊ नयेत म्हणून संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला. तीन आठवडे ती नीट खात नव्हती. भाकरीचा तुकडा हातावर धरला तर तेवढा घेई. ती वाचली, पण त्या वेतात तिचे दूध निम्म्यावर आले ते पुन्हा वाढले नाही.

दुधाचा दर हे वेगळे दुखणे आहे. २०२३ मध्ये तो उतरत गेला आणि पेंडेचा दर मात्र उतरला नाही. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने लिटरमागे ५ रुपये अनुदान दिले, पण त्यासाठी प्रत्येक गाईच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला आणि त्याची संगणकावर नोंद असणे आवश्यक होते. आमच्या गाईंचे बिल्ले लम्पीच्या लसीच्या वेळीच मारलेले होते, म्हणून आम्हांला फार धावपळ पडली नाही. गावातल्या काही वयस्क शेतकऱ्यांची नोंदणी मी माझ्या फोनवरून करून दिली. पिकांची ई-पीक पाहणीही तशीच मी करते. बांधावर उभे राहून फोनमध्ये छायाचित्र काढायचे आणि कुठल्या गटात किती क्षेत्रावर कोणते पीक, ते भरायचे. मामांना ते पाहायला फार आवडते.

हाती काय लागते, याचे उत्तर मला वहीतून पूर्ण देता येत नाही, तरी वहीपासूनच सुरुवात करते. घरात वर्षाची ज्वारी आपली असते, तूप आपले असते, अंडी, भाजी आणि डाळ बहुतेक आपली असते. यांची किंमत मी सहाव्या रकान्यात बाजारभावाने धरते आणि ती माझ्या जुन्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाएवढी भरते. मुलीला हिरव्या वैरणीचे दूध आणि कडब्यावरचे दूध चवीने वेगळे ओळखता येते. वसुबारसेला आम्ही गहू आणि दूध खात नाही, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी करतो. पूर्वी मी ती रीत म्हणून पाळत असे, आता संध्याकाळी गाय-वासराला ओवाळताना मला त्या एका दिवसाचे दूध वासराचे आहे हे मनापासून वाटते. सासवडला माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो त्या दिवशी आमचे संध्याकाळचे दूध केंद्रावर जात नाही. ते दिंडीतल्या वारकऱ्यांच्या चहाला जाते. वाटाण्याची पेरणी त्याच दिवसांत असते आणि कामाची फार घाई असते, तरी त्या संध्याकाळी मामा कुणाला रानात थांबू देत नाहीत.

ताराने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पहिले वासरू दिले. तिची पहिली धार मी काढली, आणि जिला कुणाचा हात माहीत नव्हता अशा गाईने लाथ न मारता पान्हा सोडला तेव्हा मला आत्यांना हाक मारून दाखवावेसे वाटले. त्या मागेच उभ्या होत्या.

या मे महिन्यात उकिरडा उपसला तेव्हा तीन ट्रॉल्या भरून थोडे उरले. उरलेले घमेल्याने मी आणि मुलीने भाजीच्या वाफ्यांत टाकले. चाळीस झाडांची छाटणी मृग लागल्यावर करायची आहे. आळी खोदून झाली आहेत, खत आळ्यांच्या कडेला ढिगाने पडले आहे आणि पाऊस पडण्याआधी ते मातीत मिसळले पाहिजे. मामांनी आज संध्याकाळी काठी टेकत एकेका ढिगात हात घालून पाहिला, मूठभर खत नाकाशी धरले आणि शेवटच्या झाडापर्यंत जाऊन आले. उद्या पहाटेची धार झाली की मी आणि आत्या पहिल्या ओळीपासून सुरू करणार आहोत.